कारणाचा रकाना

रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत सकाळी लवकर गेले की तिथे एक वेगळीच शांतता असते. उपाशीपोटी आलेली माणसे फारशी बोलत नाहीत. स्पिरिटचा वास, दंडाला बांधायच्या रबरी पट्ट्याचा ताणल्यावर होणारा आवाज आणि अधूनमधून पुकारली जाणारी नावे एवढेच तिथे असते. अशाच एका सकाळी माझ्या शेजारी पस्तिशीच्या आसपासची एक स्त्री बसली होती. तिने पर्समधून मोबाईल काढला, तो बंद केला, पुन्हा पर्सच्या तळाशी ठेवला आणि ती पर्स उचलून दोन खुर्च्या पलीकडे नेऊन ठेवली. माझे लक्ष गेल्याचे पाहून ती म्हणाली, "थायरॉईड निघालाय ना मला. डॉक्टर काही बोलत नाहीत, पण हे सगळं मोबाईलनं आणि मायक्रोवेव्हनंच होतं असं मी वाचलंय. ओव्हन तर केव्हाच बंद केला." मग थोडे थांबून तिने विचारले, "ताई, आजच्या रिपोर्टमध्ये ते कळेल का हो? म्हणजे, कशानं झालं ते?" मी नाही म्हणाले. आणखी काही सांगणार तेवढ्यात तिचे नाव पुकारले गेले आणि ती आत निघून गेली.

तिचा प्रश्न मात्र माझ्यापाशीच राहिला. माझ्या स्वतःच्या कपाटात थायरॉईडच्या अहवालांची एक जाडजूड फाईल आहे. तिच्यातील प्रत्येक कागदावर टीएसएचचा, म्हणजे थायरॉईडला कामाला लावणाऱ्या संप्रेरकाचा, आकडा आहे, त्याशेजारी सर्वसाधारण मर्यादा छापलेल्या आहेत आणि मर्यादेबाहेरचा आकडा ठळक अक्षरांत आहे. किती, हे त्या कागदावर नेमके लिहिलेले असते. का, यासाठी तिथे रकानाच नसतो. आजार हाती आलेल्या माणसाला मात्र पहिल्या दिवसापासून त्याच रकान्यात काहीतरी लिहायचे असते, आणि कोणी सांगितले नाही तर तो स्वतःच लिहून टाकतो. त्या स्त्रीने तिथे सूक्ष्मलहरी, म्हणजे मायक्रोवेव्ह, लिहिल्या होत्या. तिची चेष्टा करावी असे मला त्या दिवशी वाटले नाही आणि आजही वाटत नाही.

मला माझी आई आठवते. उन्हाळ्यातही तिच्या अंगावर स्वेटर असायचा. तिची बोटे गार असायची, त्वचा कोरडी, आवाज हळूहळू जाड होत गेलेला आणि भुवयांचे बाहेरचे टोक विरळ झालेले. एका जागी बसली की तिला उठवत नसे. घरातले लोक वय झाले म्हणत, आणि कधीकधी, ती ऐकत नाही असे समजून, आळस म्हणत. पुढे एका तरुण डॉक्टरने तिच्या घोट्यावर हातोडी मारून पाहिली. पाऊल झटकन हलले, पण पूर्वस्थितीला अगदी सावकाश आले. तेवढ्यावरून त्यांनी निदान ओळखले आणि रक्ताच्या चाचणीने ते पक्के केले. तिच्या हातात तोवर कधी मोबाईल आला नव्हता आणि आमच्या घरात मायक्रोवेव्ह ओव्हन नव्हता. एका माणसाच्या उदाहरणावरून काहीच सिद्ध होत नाही हे मला ठाऊक आहे. तरीही कारणांची चर्चा निघाली की मला तिचा तो स्वेटर दिसतो. तिच्यानंतर मला आणि माझ्यानंतर माझ्या धाकट्या बहिणीला हाच आजार झाला. जपानी शल्यचिकित्सक हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ साली ज्याचे वर्णन केले, त्या आजारात शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच ग्रंथीवर चालून जाते. आयोडीन पुरेसे मिळणाऱ्या समाजांत हायपोथायरॉईडचे, म्हणजे ग्रंथीचे काम मंदावण्याचे, ते सर्वात मोठे कारण आहे. तो घराण्यात उतरतो आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांना कितीतरी अधिक प्रमाणात होतो. हे उत्तर शास्त्रशुद्ध असले तरी त्याने मन निवत नाही, कारण त्यात बंद करून ठेवता येईल अशी एकही वस्तू नाही.

त्या स्त्रीच्या भीतीला इतिहासाचा आधार नाही असेही नाही. थायरॉईड हा किरणोत्सर्गाच्या बाबतीत खरोखरच हळवा अवयव आहे, विशेषतः लहान वयात. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुलांच्या वाढलेल्या टॉन्सिल्सवर, थायमस ग्रंथीवर, डोक्यातल्या गजकर्णावरही क्ष-किरणांचे उपचार केले जात. १९५० सालापासून असे दिसू लागले की त्यांपैकी काही मुलांना पुढे थायरॉईडचा कर्करोग होत आहे. २६ एप्रिल १९८६ रोजी चेर्नोबिलची अणुभट्टी फुटली, तेव्हा आयोडीन-१३१ हे किरणोत्सारी आयोडीन गवतावर पडले, गवतातून गाईच्या दुधात गेले आणि दुधातून मुलांच्या गळ्यापाशी पोहोचले. या ग्रंथीला आयोडीन हवेच असते आणि साधे आयोडीन कोणते व किरणोत्सारी कोणते हे तिला ओळखता येत नाही. ज्या भागांत मुळातच आयोडीनची कमतरता होती तिथल्या मुलांच्या ग्रंथींनी ते अधिक अधाशीपणे शोषून घेतले. पोलंडने त्या दिवसांत एक कोटीहून अधिक मुलांना साध्या आयोडीनची मात्रा पाजली, म्हणजे ग्रंथी आधीच भरून जाईल आणि विषारी आयोडीनला जागा उरणार नाही. बेलारूस, युक्रेन आणि रशियाच्या लगतच्या भागात मात्र चारच वर्षांत मुलांच्या थायरॉईड कर्करोगाचे आकडे चढू लागले. हे सगळे एकदा कानावर गेलेल्या आईला 'लहरी' म्हटल्यावर धस्स होत असेल, तर त्यात तिचे काय चुकले?

पण आयोडीन-१३१ मधून बाहेर पडणारा कण आणि मायक्रोवेव्ह ओव्हनमधली लहर यांच्या ऊर्जेत जे अंतर आहे ते साध्या कल्पनेत मावणारे नाही. आयोडीन-१३१ च्या एकेका बीटा कणाची ऊर्जा सहा लाख इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत जाते; इलेक्ट्रॉन व्होल्ट हे अणूंच्या पातळीवरची ऊर्जा मोजण्याचे एकक आहे. अणूमधून इलेक्ट्रॉन उपटून काढायला साधारण दहा इलेक्ट्रॉन व्होल्ट लागतात, म्हणजे तसा एक कण आपल्या वाटेवरच्या हजारो रेणूंची मोडतोड करू शकतो आणि त्यात पेशीतील डीएनएही येते. ओव्हनमध्ये वापरल्या जाणाऱ्या २.४५ गिगाहर्ट्झच्या लहरीचा एक फोटॉन, म्हणजे तिच्या ऊर्जेचा एक सुटा कण, मात्र एका इलेक्ट्रॉन व्होल्टच्या एक लाखाव्या भागाएवढाच असतो. खिडकीतून येणाऱ्या उजेडाचा फोटॉनसुद्धा त्याहून दीड ते तीन लाख पट बलवान आहे. लहरींची तीव्रता वाढवली की फोटॉनांची संख्या वाढते, एकेकाची शक्ती वाढत नाही. नदीपार पोहोचणार नाहीत असे हजार दगड फेकले तरी त्यांतला एकही पलीकडच्या काठावर पडत नाही. अशा लहरींनी रेणू तुटत नाहीत. ते हलतात, डोलतात, एकमेकांवर घासतात आणि तापतात.

आणि इथेच हा विषय मला खरा गुंतवून टाकतो, कारण थायरॉईड ही शरीरातल्या उष्णतेचीच ग्रंथी आहे.

रक्तातील संप्रेरके मोजण्याची सोय नव्हती त्या काळी थायरॉईडचा आजार श्वासावरून मोजला जाई. आडोल्फ माग्नुस-लेव्ही यांनी १८९५ साली दाखवून दिले की या ग्रंथीचे काम वाढले की विश्रांतीतही माणूस अधिक प्राणवायू जाळतो आणि ते मंदावले की कमी जाळतो. पुढे कित्येक दशके रुग्णाला सकाळी उपाशीपोटी, स्वस्थ पडवून, तोंडाला नळी लावून त्याचा प्राणवायूचा खप मोजत आणि त्यावरून ग्रंथीची स्थिती ठरवत. स्वस्थ पडलेले प्रौढ शरीर दर किलोग्रॅम वजनामागे साधारण एक वॉट उष्णता निर्माण करते. थायरॉईडचे संप्रेरक जवळजवळ संपले तर हा दर निम्म्यापर्यंत खाली येऊ शकतो. आईची गार बोटे आणि उन्हाळ्यातला स्वेटर हा या मोजमापाचा घरगुती पुरावा होता, आम्हाला तो वाचता आला नव्हता इतकेच. गंमत अशी की सूक्ष्मलहरींचा शरीरावरचा प्रभावही याच एककात, दर किलोग्रॅममागे वॉटमध्ये मोजतात. प्राण्यांवरील प्रयोगांत संपूर्ण शरीरात दर किलोग्रॅमला सुमारे चार वॉट शोषले गेले की शरीराचे तापमान जवळपास एक अंशाने वाढते आणि प्राण्याचे वागणे बदलते. सुरक्षिततेच्या आंतरराष्ट्रीय मर्यादा तिथून खाली मोजत आणल्या आहेत. अशा लहरींजवळ काम करणाऱ्यांसाठी संपूर्ण शरीराची मर्यादा त्याच्या दहाव्या हिश्शावर, म्हणजे ०.४ वॉटवर आहे, आणि सर्वसामान्यांसाठी पन्नासाव्या हिश्शावर, म्हणजे ०.०८ वॉटवर. आपल्याच ग्रंथीच्या हुकमाने शरीर जेवढी ऊब सतत तयार करत असते, तिच्या तुलनेत ही मर्यादा बाराव्या हिश्शाहूनही लहान आहे. फोन शरीराला चिकटून असतो तेव्हा डोक्याच्या किंवा धडाच्या एखाद्या छोट्या भागात याहून अधिक ऊर्जा शोषली जाऊ शकते. तिच्यासाठी वेगळी मर्यादा आहे, दहा ग्रॅम ऊतींच्या सरासरीवर दर किलोग्रॅमला दोन वॉट.

सूक्ष्मलहरींचा थायरॉईडवर परिणाम होतो का, या प्रश्नाचे एक ठाम उत्तर १९७०च्या दशकातच मिळाले आहे, आणि ते होकारार्थी आहे. संशोधकांनी भूल दिलेल्या कुत्र्यांच्या थायरॉईडवर थेट, अतिशय तीव्र सूक्ष्मलहरी सोडल्या. ग्रंथी जसजशी तापत गेली तसतसा थायरॉक्झिनचा, म्हणजे तिच्या संप्रेरकाचा, स्राव वाढत गेला. उंदरांचे संपूर्ण शरीर तापवले तेव्हा मात्र उलटे घडले. मेंदूने उष्णतेची नोंद घेतली, मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीने टीएसएच कमी केले आणि थायरॉईड मंदावली. गरम खोलीत ठेवलेल्या प्राण्यांतही हेच दिसते, कारण आधीच तापलेल्या शरीराला आणखी ऊब नको असते. ही जोडी मला फार बोलकी वाटते. एकाच लहरीने, मात्र कुठे आणि किती यानुसार, विरुद्ध दिशांना परिणाम केला आणि दोन्ही वेळा मधला दुवा उष्णतेचाच होता. शिवाय ज्या भागात रक्त कमी फिरते तो भाग लवकर तापतो. डोळ्याच्या भिंगात रक्तवाहिन्याच नसतात, म्हणून तीव्र सूक्ष्मलहरींनी प्राण्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाल्याचे प्रयोगांत दिसले. थायरॉईडचे याच्या अगदी उलट आहे. वजनाच्या मानाने सर्वाधिक रक्तपुरवठा असलेल्या अवयवांपैकी ती एक आहे आणि हे वाहते रक्त तिथली जास्तीची उष्णता सतत उचलून नेत असते.

याच उष्णतेचा आता उपचारासाठीही उपयोग होतो, हे मी पहिल्यांदा ऐकले तेव्हा थक्क झाले होते. थायरॉईडमध्ये कर्करोगाची नसलेली पण मोठी गाठ असेल, गिळताना अडत असेल, आणि रुग्णाला शस्त्रक्रिया नको असेल, तर सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत सुईसारखा बारीक अँटेना त्या गाठीत सरकवतात आणि त्यातून सूक्ष्मलहरी सोडतात. तापमान साठ अंश सेल्सिअसच्या वर गेले की तिथल्या पेशी मरतात आणि पुढच्या काही महिन्यांत गाठ आकसत जाते. आवाजाची नस अगदी लगत असते, म्हणून ग्रंथी आणि आजूबाजूच्या ऊती यांच्या मध्ये द्रव सोडून तेवढे अंतर निर्माण करतात. ज्या लहरींच्या भीतीने एक स्त्री आपली पर्स दोन खुर्च्या पलीकडे ठेवते, त्याच लहरी दुसऱ्या एका स्त्रीच्या गळ्यात मुद्दाम, मिलिमीटर मोजून, सोडल्या जातात. ओव्हनमध्ये हीच शक्ती धातूच्या पेटीत कोंडलेली असते आणि दार उघडताच लहरी निर्माण होणे थांबते. दारातून होणाऱ्या गळतीची मर्यादा पाच सेंटीमीटर अंतरावर दर चौरस सेंटीमीटरला पाच मिलिवॉट आहे, आणि त्यापुढे प्रत्येक पावलागणिक ती झपाट्याने विरत जाते. दार वाकलेले किंवा कडेची पट्टी फाटलेली असेल तर तो ओव्हन वापरू नये, एवढी काळजी मात्र खरी आणि पुरेशी आहे.

मग ऊब जाणवणारही नाही इतक्या मंद लहरींचे काय, असे कोणी विचारले तर तो प्रश्न मला उडवून लावावासा वाटत नाही. विज्ञानाच्या नावाने ज्या तुच्छतेने काही जण तो उडवून लावतात तिचा मला राग येतो. हा प्रश्न जुना आहे. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत संघाने अशा लहरींची मर्यादा अमेरिकेच्या मर्यादेच्या हजाराव्या भागावर ठेवली होती, कारण तिथले डॉक्टर रडारजवळ काम करणाऱ्यांत थकवा, झोपेच्या तक्रारी आणि डोकेदुखी नोंदवत होते. ती लक्षणे वाचताना मला माझीच फाईल आठवते. थकवा, झोप, केस गळणे, मन न लागणे ही थायरॉईडचीही लक्षणे आहेत, रक्त कमी असण्याचीही, नैराश्याचीही आणि अतिश्रमाचीही. इतक्या सैल लक्षणांना कोणतेही कारण चिकटवले तरी ते बसते. म्हणूनच मोजमाप लागते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात वीस निरोगी पुरुषांना महिनाभर, आठवड्यातले पाच दिवस, दोन-दोन तास मोबाईलच्या लहरींत ठेवले. टीएसएच मधे सुमारे एकपंचमांशाने उतरले, तरी सर्वसाधारण मर्यादेतच राहिले आणि पुन्हा वर आले. उंदरांवरील काही प्रयोगांत संप्रेरके घटलेली दिसली, काहींत काहीच दिसले नाही. येल विद्यापीठाच्या संशोधकांना २०१९ साली मोबाईल आणि थायरॉईडचा कर्करोग यांत ठोस संबंध आढळला नाही. पुढच्याच वर्षी त्याच रुग्णांच्या जनुकांचा विचार केला तेव्हा काही विशिष्ट जनुकीय फरक असलेल्यांत तो दिसला. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०११ साली या लहरींना 'कदाचित कर्करोगकारक' गटात टाकले. तो निर्णय मुख्यतः मेंदूच्या आणि श्रवणनसेच्या गाठींवरून होता, थायरॉईडवरून नव्हे, हे मात्र फारच थोडे लोक सांगतात. अशा पुराव्यावरून घाबरून जावे असे मला वाटत नाही आणि संशोधन थांबवावे असेही वाटत नाही.

मोबाईल वाढले आणि थायरॉईडचे कर्करोगही वाढले, असे दोन आलेख शेजारी ठेवून दाखवले जातात तेव्हा मला दक्षिण कोरियाची आठवण होते. तिथे इतर तपासण्यांबरोबर थोड्या जादा पैशांत गळ्याची सोनोग्राफी करून घेण्याची पद्धत पडली आणि २०११ पर्यंत थायरॉईड कर्करोगाच्या निदानाचे प्रमाण १९९३ च्या पंधरा पट झाले. एवढा प्रचंड रोग खरोखरच आला असता तर मृत्यूही वाढले असते, पण मृत्यूंचा आकडा जिथल्या तिथे राहिला. आयुष्यभर त्रास न देणाऱ्या बारीक गाठी शोधून काढल्या जात होत्या. २०१४ साली तिथल्या काही डॉक्टरांनी या चाचण्यांविरुद्ध जाहीर आवाज उठवला आणि वर्षभरात शस्त्रक्रिया सुमारे एकतृतीयांशाने घटल्या. त्या काळात कोरियातील कोणाचे फोन कमी झाले नव्हते.

मला सलते ते निराळेच आहे. त्या स्त्रीच्या बोलण्यात एक वाक्य होते, "डॉक्टर काही बोलत नाहीत." तिथेच सगळी पोकळी आहे. आकडा पाहून गोळीची मात्रा लिहायला फार वेळ लागत नाही. तिला हेही सांगायला हवे होते की आतड्यात गोळी नीट शोषली जावी म्हणून ती उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर निदान अर्धा तास काही खायचे नाही. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास लांब ठेवायची. केसांसाठी घेतलेल्या बायोटिन या जीवनसत्त्वाने चाचणीचे आकडे खोटे येऊ शकतात. मात्रा बदलल्यावर सहा ते आठ आठवडे थांबल्याशिवाय टीएसएच नवी स्थिती दाखवत नाही, कारण या संप्रेरकाचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायलाच एक आठवडा लागतो. आणि दिवस राहिले तर पहिल्याच आठवड्यांत डॉक्टरांकडे जायचे, कारण सुरुवातीला गर्भ आईच्याच संप्रेरकावर अवलंबून असतो. हे तिला कोणी बसवून सांगितले असते तर तिच्या हातात करण्यासारखे पुष्कळ काही आले असते. ते न मिळाल्याने तिने ओव्हन बंद केला. तिच्या फोनच्या पाठीवर मी एक चकाकती चकती पाहिली होती, लहरी शोषून घेते म्हणून विकली जाणारी. असल्या चकतीमुळे संपर्क कमकुवत झाला तर फोन टॉवरपर्यंत पोहोचण्यासाठी आपली शक्ती आणखी वाढवतो, हे ती विकणारा सांगत नाही.

म्हणून मला वाटते की हा प्रश्न चांगल्या अभ्यासाच्या हवाली व्हायला हवा. युरोपातील 'कॉसमॉस' या दीर्घ अभ्यासाने अडीच लाखांहून अधिक लोकांच्या मोबाईल वापराची नोंद ठेवून वर्षानुवर्षे त्यांच्या आरोग्याचा मागोवा घेतला आणि २०२४ साली मेंदूच्या गाठींचा त्याच्याशी संबंध आढळला नाही असे सांगितले. असेच काम थायरॉईडसाठी व्हावे. त्यात मुलींना वयात येण्याआधीपासून सहभागी करून घ्यावे, प्रत्येकीचे आयोडीन मोजावे, घराण्यातला आजार नोंदवावा, ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडे ठरावीक काळाने तपासावीत, रक्त दर खेपेला दिवसाच्या एकाच ठरावीक वेळी काढावे, कारण टीएसएच दिवसभरात वरखाली होते, आणि लहरींचे प्रमाण आठवणीवरून न विचारता यंत्राने मोजावे. त्या अभ्यासातल्या प्रत्येक सहभागी स्त्रीला तिचे आकडे हाती देताना, त्यांचा अर्थ समजावून सांगणारे एक माणूस समोर बसलेले असावे, आणि त्या माणसाला घाई नसावी.